गुलाब बियापासून: पार्ल्याच्या गच्चीवरच्या नोंदी

3 डिसेंबर 2023

गुलाब म्हणजे कलम, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की गुलाबाला बी धरतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. फूल सुकायला लागलं की आपण ते खुडतो, म्हणजे पुढचा फुटवा जोमाने येतो. मग फळ धरायला सवड कुठे मिळणार? पण फांदीवरच्या अचानक बदलातून निघालेल्या थोड्या जाती सोडल्या, तर आज नर्सरीत मिळणारी जवळजवळ प्रत्येक जात कधीतरी एका बियातून उगवलेलं एकुलतं एक रोप होती. ‘पीस’ हा जगप्रसिद्ध गुलाब फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी 1935 साली केलेल्या संकरातून आला आणि 1945 मध्ये त्याला हे नाव मिळालं. आपल्याकडे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी हेच काम दिल्लीत केलं. गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि मोकळ्या वेळेत गुलाबांचे संकर करणारा माणूस! त्यांच्याबद्दल वाचल्यापासून आपणही दोन जातींचा संकर करून बियापासून गुलाब करावा, हे डोक्यात होतं.

गुलाबाच्या बियाला उगवायला थंडी लागते. दिल्लीला ती आहे, आपल्या मुंबईत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच: मुंबईत, सोसायटीच्या गच्चीवर, घरच्या फ्रिजच्या भरवशावर बियापासून फुलापर्यंत जाता येतं का? आणि येत असेल तर कुठलं काम कुठल्या महिन्यात करायचं?

मादी झाड, म्हणजे दुसऱ्याचा पराग लावून ज्यावर फळ धरवायचं ते, ठरलंय. नाव हरवलेलं गुलाबी फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणाऱ्या प्रकारातलं. त्याची निवड रंगावर केलेली नाही. गेल्या वर्षी खुडायच्या राहिलेल्या फुलांना त्याने आपसूक फळं धरली होती, म्हणून ते घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. रानगुलाबांच्या पुष्कळ जातींत 14 गुणसूत्रं असतात, बागेतल्या बहुतेक गुलाबांत 28. या दोघांच्या मिश्रणातून 21 वाली झाडं निघतात आणि त्यांतली बरीचशी फळायला कचरतात. घरी गुणसूत्रं मोजता येत नाहीत, पण फळ धरतंय का ते दिसतं. नर म्हणून ‘डबल डिलाइट’, 1977 सालची जात. मलईच्या रंगाची पाकळी, ऊन लागेल तसा कडांना लाल चढत जातो, आणि वास असा की जिन्यातून येणारा माणूस थांबून विचारतो. ऑक्टोबरअखेर दोन्हींची छाटणी एकाच दिवशी केली होती, त्यामुळे दोन्ही बरोबर कळ्यांवर आहेत.

10 डिसेंबर 2023

संध्याकाळी मादी फुलं तयार केली. कळी अर्धवट उकललेली हवी, म्हणजे बाहेरच्या पाकळ्या सुटायला लागलेल्या पण मधला भाग अजून मिटलेला. पूर्ण उमललेल्या फुलात मधमाशी आधीच जाऊन आलेली असते. पाकळ्या एकेक करून बुडाशी धरून बाजूला ओढल्या की सुटतात. मग पुंकेसरांचं कडं दिसतं. परागकोश अजून घट्ट, पिवळे, गुळगुळीत होते. ते फुटून भुकटी सुटायच्या आत काढायचे. भरतकामाची छोटी कात्री यासाठी उत्तम. मधल्या कुक्ष्यांच्या झुबक्याला टोक लागू द्यायचं नाही. उरतं ते हिरव्या वाटीसारखं बूड आणि त्यावर कुक्ष्यांचा गुलाबीसर झुबका. त्यावर बटर पेपरची पिशवी बांधली.

‘डबल डिलाइट’चे परागकोश कागदावर काढून झाकणाच्या डब्यात ठेवले, सोबत सिलिका जेलची पुडी. मुंबईच्या दमट हवेत उघड्यावर ठेवले तर ते नीट फुटत नाहीत, गोळा होऊन बसतात.

11 डिसेंबर 2023

सकाळी डबा हलवला तर तळाशी पिवळी भुकटी. कुक्ष्यांवर चिकटपणा आलाय, उन्हात चमकतात, म्हणजे वेळ बरोबर. बोटानेच पराग लावला. ब्रश वापरला तर प्रत्येक जातीला वेगळा लागतो, बोट धुऊन पुसता येतं. पुन्हा पिशवी. देठाला चिठ्ठी: आधी मादीचं नाव, मग फुलीचं चिन्ह, मग नराचं नाव आणि तारीख. जगभर हाच क्रम पाळतात. चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहायचं. शाई उन्हाने उडते, पेन्सिल टिकते.

2 जानेवारी 2024

काही बुडं पिवळी पडून गळाली. राहिलेली हिरवीगार आहेत, देठ जाड झालाय, बूड गोलसर फुगलंय. निदलं वर उभी आहेत. पिशव्या काढल्या.

नर्सरीतले माळीदादा कुंड्यांना खत द्यायला गच्चीवर आले होते. चिठ्ठ्या बघून म्हणाले, “ताई, बी कशाला लावताय? डोळा भरला की एका मोसमात झाड उभं राहतं.” डोळा भरणं म्हणजे हव्या त्या जातीचा डोळा काढून दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बसवणं. त्यांचं बरोबरच आहे. ज्याला ‘डबल डिलाइट’ हवा त्याने डोळाच भरावा. बियातून ‘डबल डिलाइट’ कधीच येणार नाही, प्रत्येक बी वेगळं निघणार. मी म्हटलं, “दादा, मला जुनं झाड नको, अजून कुणी न पाहिलेलं हवंय.” मग ते खाली बसले आणि एकेक फळ हातात धरून बघू लागले. जाताना सांगून गेले: या फांद्यांना नत्र कमी द्या, नाहीतर सगळा जोर पालवीकडे जाईल.

18 फेब्रुवारी 2024

फळं गोटीएवढी, अजून हिरवी. गच्चीवर खारी येतात, पोपटही. प्रत्येक फळाभोवती मलमलीची सैल पुरचुंडी बांधली. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.

24 मार्च 2024

ऊन चढलं. पानांमागे लाल कोळी. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, तेवढ्यावर आटोक्यात आहे. कुंड्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत हलवल्या. फळावर असलेल्या झाडाला या महिन्यात एकदाही सुकू द्यायचं नाही.

15 एप्रिल 2024

काढणी. परागीकरणापासून चार महिने होऊन गेले. फळ तयार झालं की नाही हे रंगावरून कळतं: हिरव्याचा पिवळट, मग नारिंगी. देठाजवळ थोडा हिरवा राहिला तरी चालतो. पूर्ण मऊ पडून सुरकुतेपर्यंत वाट बघू नये, कारण जितकं जास्त पिकेल तितकी बियांची झोप गाढ होते असा अनुभवी लोकांचा अनुभव आहे.

फळ आडवं धरून सुरीने फक्त गर कापायचा, चारही बाजूंनी, आणि मग दोन्ही हातांनी पिळून उघडायचं. सुरी मध्यापर्यंत गेली तर बिया चिरतात. आत बिया एकमेकींना इतक्या दाटून बसलेल्या असतात की प्रत्येकीचा आकार शेजारणीने ठरवलेला: कोनदार, एका बाजूला चपटी, एका बाजूला फुगीर. रंग फिका पिवळट ते तपकिरी. एका फळात वीसच्या वर निघाल्या, एकात जेमतेम तीन. खरं तर ज्याला आपण बी म्हणतो ते गुलाबाचं खरं फळ आहे, कठीण कवचाचं, आणि बी त्याच्या आत. बाहेरचा लालसर गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड.

आतल्या बारीक केसांपासून सांभाळायचं. ते बोटांत रुततात आणि कातडीला खाज सुटते. युरोपात पोरं याचीच खाजेची पूड करतात. रबरी हातमोजे घातले, आणि पंखा बंद ठेवला. बिया गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चोळल्या, गराचा कण राहू दिला नाही. गर राहिला की बुरशी ठरलेली. शिवाय गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात.

पाण्यात टाकून तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वेगळ्या केल्या. बुडणाऱ्या भरीव, तरंगणाऱ्या पोकळ, असं सर्रास सांगतात. नियम म्हणून ठीक आहे, पण कवचात थोडी हवा राहिली तरी चांगलं बी तरंगतं. तरंगणाऱ्या मी टाकल्या नाहीत, वेगळी चिठ्ठी लावून ठेवल्या.

16 एप्रिल 2024

आता मुख्य प्रश्न. गुलाबाचं बी मातीत पडल्या पडल्या उगवत नाही. कवच जाड असतं, आणि कवचात व आतल्या सालीत अ‍ॅब्सिसिक आम्लासारखी उगवण रोखणारी द्रव्यं असतात. थंड मुलखात बी हिवाळाभर ओल्या मातीत पडून राहतं, तेवढ्यात या द्रव्यांचा जोर ओसरतो आणि वसंतात कोंब येतो. हिवाळ्याच्या तोंडावर उगवून बर्फात मरू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. मुंबईत ती थंडी फ्रिजमधूनच द्यावी लागते: 2 ते 5 अंश, आणि बी ओलं असताना. कोरड्या बियाला नुसती थंडी देऊन सुप्तावस्था मोडत नाही. बर्फाच्या कप्प्यात तर ठेवायचंच नाही, ओलं बी गोठलं की मेलं.

पुस्तकी वेळापत्रक असं: फळ काढा, लगेच ओलं करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पेरा. पण एप्रिलमध्ये तीन महिने मिळवले की जुलै येतो, आणि जुलैत मुंबईत कोवळं रोप जगवायचं म्हणजे पावसाशीच झुंज. म्हणून बियांचे दोन भाग केले.

‘अ’ भाग: लगेच ओली थंडी. जे होईल ते बघायचं.

‘ब’ भाग: सावलीत सुकवून कागदी पाकिटात, पाकीट हवाबंद बरणीत, बरणी फ्रिजमध्ये. सप्टेंबरच्या सुरुवातीला भिजवायचं, म्हणजे थंडीचे दहा आठवडे नोव्हेंबरच्या मध्याला संपतात आणि पेरणी मुंबईच्या थंडीच्या तोंडावर येते.

‘अ’ भागाच्या बिया 3 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तितकंच पाणी घालून थोडा वेळ भिजवल्या, धुतल्या, पेपर नॅपकिनच्या ओलसर घडीत पसरल्या आणि झिपच्या पिशवीत भरल्या. घडी पिळल्यावर थेंब पडता कामा नये.

आईने फ्रिज उघडला आणि विचारलं, “अगं, हे काय ठेवलंयस कोथिंबिरीशेजारी?” सांगितलं. तिने भाजीच्या ट्रेच्या वरचा मागचा कोपरा रिकामा करून दिला आणि म्हणाली, “इथे ठेव, इथे कुणाचा हात पोचत नाही.” तापमापक ठेवून पाहिला, त्या कोपऱ्यात 4 अंश. फ्रिजमधली याहून चांगली जागा नाही.

12 मे 2024

काही बियांवर पांढरी बुरशी. त्या बिया पुन्हा पेरॉक्साइडने धुतल्या, घडी बदलली. बुरशी बहुधा कवचाला चिकटलेल्या गरावर वाढते, आतलं बी शाबूत असतं. बोटाने दाबून मऊ लागलेली तेवढी काढून टाकली.

27 जून 2024

‘अ’ भागातल्या बियांना फ्रिजमध्येच मुळं फुटायला लागली! कवच शिवणीवर उकललंय आणि फटीतून पांढरं टोक बाहेर आलंय. भिंग लावून बघत बसले कितीतरी वेळ. काळोखात, चार अंशांवर, कुणी हाक मारलेली नसताना हे सुरू झालं.

मुळं फुटलेल्या बिया धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) पेपर कपात लावल्या, मूळ खाली करून, वर अर्धा इंच थर. कप खिडकीत, पावसाचं पाणी लागणार नाही असे.

21 जुलै 2024

दोन बीजदलं, गोलसर, जाडसर, मग पहिलं खरं पान, कडेला दाते असलेलं. तिथपर्यंत बहुतेक रोपं पोचली आणि मग कोलमडायला लागली. रात्री ताठ असलेलं रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं. मर रोग, पिथियम आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशींचा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, घातलं, पाणी फक्त खालून दिलं, छोटा पंखा लावून हवा खेळती ठेवली. पण हवेतच इतकं पाणी आहे की कपाचा पृष्ठभाग सुकतच नाही.

9 ऑगस्ट 2024

‘अ’ भागातलं एकही रोप राहिलं नाही. वाईट वाटलं, पण उत्तर स्पष्ट मिळालं. मुंबईत बी उगवतं. उगवणीला इथे काही अडचण नाही, अडचण आहे ती उगवल्यानंतरच्या सहा आठवड्यांची. म्हणजे थंडी किती द्यायची यापेक्षा ती संपते कधी, हे इथे जास्त महत्त्वाचं. मोजायचं ते शेवटापासून.

1 सप्टेंबर 2024

‘ब’ भागाची पाकिटं काढली. रात्रभर पाण्यात भिजवली, पेरॉक्साइड, ओलसर घडी, तोच कोपरा. तरंगणाऱ्यांची पिशवी वेगळी.

27 ऑक्टोबर 2024

ऑक्टोबरचा उकाडा अजून आहे. दोन बियांना मुळं फुटली, त्या एसीच्या खोलीत लावल्या. बाकीच्या हलवल्या नाहीत. थंडी घेतलेलं बी एकदम जास्त उष्ण हवेत आलं तर पुन्हा झोपी जातं, मग सगळं पहिल्यापासून. पहाटेचं तापमान उतरेपर्यंत थांबणं भाग आहे.

10 नोव्हेंबर 2024

पेरणी. ट्रेला खाली भोकं, खोली तीन-साडेतीन इंच. गुलाबाचं मूळ सुरुवातीलाच सरळ खाली जातं, उथळ ट्रेत ते वळतं. मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), एक भाग चाळलेलं गांडूळ खत. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यातून काढलं, त्यातला खारेपणा कोवळ्या मुळांना बाधतो. बिया बोटाच्या पेराइतक्या अंतरावर, एक सेंटिमीटर खोल, वर बारीक वाळूचा पातळ थर. या वाळूमुळे मातीचा वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो आणि जुलैत झालेला प्रकार टळतो, हा माळीदादांचा सल्ला.

ट्रे गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्याखाली. सकाळचं ऊन नऊपर्यंत, मग सावली. पाणी ट्रे पाण्यात ठेवून खालून.

8 डिसेंबर 2024

पहाटे गच्चीवर 19 अंश. कोंब येतायत, रोज एखादा-दुसरा. गुलाबाचं बी एका दमात उगवत नाही. काही बिया तर दुसऱ्या वर्षीही उगवतात, म्हणून ट्रे लगेच उपसायचा नाही.

तरंगणाऱ्या बियांतूनही दोन रोपं आली आहेत. बुडणाऱ्यांपेक्षा प्रमाण कमी, पण आली. पुढच्या वेळीही टाकणार नाही.

29 डिसेंबर 2024

उगवण साधारण पाचात एक. ‘अ’ भागाची याहून बरी होती, बिया सुकवल्याचा हा परिणाम असावा. तरी हाच मार्ग धरणार, कारण रोपं उभी आहेत. मर रोगाने एखाद-दुसरंच गेलं.

दोन-तीन खरी पानं आलेली रोपं चमच्याने मातीसकट उचलून चार इंची कुंड्यांत लावली. धरायचं ते पानाला, खोडाला नाही.

14 जानेवारी 2025

संक्रांत. मुंबईचे सगळ्यांत गार दिवस, सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं सरासरी तापमान 17 च्या आसपास असतं. रोपांना ही हवा मानवली. पण याच हवेत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते, आणि आली. काही रोपं पांढरी झाली, त्यांच्याच शेजारची काही स्वच्छ, एकाच आईबापाची असून. फवारणी मुद्दाम केली नाही. भुरीला जे बळी पडतंय ते आत्ताच कळलेलं बरं. स्वच्छ राहिलेल्या कुंड्यांना हिरवा दोरा बांधला. मुंबईसाठी झाड निवडायचं तर रंगाच्या आधी पान बघायला हवं, कारण हिवाळ्यात भुरी आणि पावसात काळे ठिपके यांतून सुटका नाही.

9 फेब्रुवारी 2025

पहिली कळी! वीतभरही उंची नाही आणि टोकाला हरभऱ्याएवढी कळी. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण युरोपातल्या गुलाबांत चिनी गुलाबांकडून आला, आणि तो दबका आहे, दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो. इथे आईबाप दोघंही बारमाही, म्हणून रोपं दोन-तीन महिन्यांत कळीवर येतात. एकदाच बहरणाऱ्या रानगुलाबांच्या रोपाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात.

23 फेब्रुवारी 2025

बहुतेक रोपं फुलली. पाच पाकळ्यांचं फिकट गुलाबी एक. गडद गुलाबी, पंधराएक पाकळ्यांची तीन. एक पांढरं, कडेला गुलाबी धूर लागल्यासारखं, आणि दुपारपर्यंत ती कड गडद झाली, बापाची खूण. वास मात्र त्याला अगदी मंद. वास आला तो दुसऱ्याच एका रोपाला, साध्या गुलाबी रंगाच्या, ज्याच्याकडे मी आधी नीट पाहिलंही नव्हतं. सकाळी आठला येतो, अकराला ओसरतो. आईला वर नेऊन दाखवलं. तिने वास घेतला आणि म्हणाली, “हा आपल्या गावच्या गुलाबासारखा आहे गं, गुलकंदाचा.” आणि त्याच्या कुंडीला हिरवा दोरा आहे.

पहिल्या फुलावरून निकाल लावायचा नाही. पाकळ्या पुढे वाढतात, आकार सुधारतो, वासही कधी कधी नंतर खुलतो. रोप स्वतःच्या मुळांवर दमदार होईपर्यंत तीन-चार बहर बघायचे.

16 मार्च 2025

माळीदादांनी वासाचं रोप पाहिलं. भिंग मागून घेतलं, पानांच्या मागची बाजू तपासली, मग म्हणाले, “ताई, याचा डोळा मी भरतो. इंडिकाच्या खुंटावर दोन, आणि एक मल्टिफ्लोराच्या.” काडी अजून पेन्सिलइतकीही जाड नाही, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर पावसाळ्यात काळे ठिपके येतात का ते कळेल. आले तर वास कितीही चांगला असला तरी पुढे न्यायचं नाही.

डिसेंबर 2024 मध्ये केलेल्या नव्या संकरांची फळं झाडावर आहेत, अजून हिरवी. एप्रिलच्या मध्यावर काढणी. या वेळी बिया सुकवणार नाही: फळं न उघडता, अख्खीच, झिपच्या पिशवीत घालून ऑगस्टअखेरपर्यंत फ्रिजमध्ये ठेवून बघणार आहे, म्हणजे बी गरातच ओलसर राहील आणि उगवण रोखणारी द्रव्यंही जागेवर राहतील. निम्मी तशी, निम्मी गेल्या वर्षीसारखी सुकवून. भिजवायची तारीख दोन्हींना एकच, 1 सप्टेंबर. आईने फ्रिजचा तो कोपरा आताच रिकामा करून ठेवलाय.